क्रोनचा आजार आणि घरचे पथ्य
(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले व्याख्यान)



सेवानिवृत्त शिक्षकाला संमेलनात बोलावयास सांगितले म्हणजे तो शिक्षणावर बोलणार, हे ठरलेलेच असते. आपल्या चिटणीसांचीही तीच अपेक्षा होती. मी विषय म्हणून ‘क्रोनचा आजार आणि पथ्य’ असे लिहून पाठविले, तेव्हा त्यांनी दूरध्वनी करून ‘गुरुजी, नाव बरोबर लिहिले आहे ना?’ अशी पृच्छा केली. नाव बरोबर होते. आपल्यापैकी बहुतेकांनी ते ऐकलेले नसेल. माझ्या घरात मात्र गेली दहा-बारा वर्षे हे नाव रोज उच्चारले जाते.

मी डॉक्टर नाही, वैद्य नाही. जुन्या अकरावीचा मॅट्रिक असून जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांतून ज्याने आयुष्य काढले, असा एक सामान्य शिक्षक आहे. रोगावर उपचार सांगण्याचा अधिकार मला नाही आणि तसे धाडस मी करणारही नाही. परंतु आमच्या घरात जे घडले, त्यात माझ्या हातून जी चूक झाली आणि त्या चुकीनंतर डॉक्टर व आहारतज्ज्ञ यांच्याकडून जे शिकावयास मिळाले, ते आपल्यापुढे ठेवणे माझे कर्तव्य आहे असे मला वाटते. ज्याच्याविषयी बोलणार आहे तो माझा धाकटा मुलगा. त्याची अनुमती घेऊनच मी येथे उभा आहे.

आज हे बोलण्यास एक निमित्त घडले. गेल्या वर्षी आपल्याच ज्ञातीतील एक गृहस्थ सायंकाळी अंधार पडल्यावर माझ्या घरी आले. त्यांच्या मुलीला हाच आजार निघाला होता. घराबाहेर कोणाला कळू नये म्हणून ते अंधाराची वेळ साधून आले होते, आणि मुलीला दोन महिने केवळ फळांच्या रसावर ठेवले आहे, असे त्यांनी मला मोठ्या समाधानाने सांगितले. ते ऐकताच माझ्या अंगावर काटा आला. कारण हीच गोष्ट मी माझ्या मुलाच्या बाबतीत केली होती.

प्रथम हा आजार म्हणजे काय, ते थोडक्यात सांगतो. आपल्या पचनमार्गात मुखापासून गुदद्वारापर्यंत कोठेही दाह उत्पन्न होणे आणि तो दीर्घकाळ टिकणे, हे या आजाराचे स्वरूप होय. लहान आतड्याचा शेवटचा भाग आणि त्याला लागून असलेला मोठ्या आतड्याचा आरंभ येथे तो अधिक आढळतो. दाह सलग नसतो; मध्येच एक भाग निरोगी, पुढे पुन्हा एक भाग बिघडलेला, असे असते. शिवाय तो आतड्याच्या वरच्या अस्तरापुरता न राहता भिंतीच्या सर्व थरांत उतरतो. त्यामुळे काही रुग्णांत आतडे अरुंद होते, काहींत व्रण आरपार जाऊन भगंदरासारख्या नळ्या तयार होतात. पोटात कळा, वारंवार जुलाब, कधी रक्त, बारीक ताप, वजन घटणे, अशक्तपणा आणि रक्तक्षय ही त्याची सामान्य लक्षणे. तरुण वयात तो विशेषेकरून सुरू होतो. लहान मुलांना झाला तर त्यांची वाढ खुंटते.

या आजाराचे वर्णन ग्लासगोचे शल्यविशारद केनेडी डॅल्झील यांनी १९१३ साली केले होते. पुढे १९३२ साली न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयातील बरिल क्रोन, लिऑन गिन्झबर्ग आणि गॉर्डन ओपनहायमर या तिघांनी चौदा रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली. लेखावर नावे वर्णानुक्रमाने छापली होती. इंग्रजी वर्णमालेत क्रोन यांचे नाव आधी येत असल्यामुळे आजाराला त्यांचे नाव पडले. हजेरीपटात ज्याचे नाव पहिले, त्यालाच गुरुजी पहिल्यांदा उभा करतात, तसाच हा प्रकार झाला.

हा आजार संसर्गजन्य नाही. एका ताटात जेवल्याने, शेजारी झोपल्याने तो होत नाही. त्याचे एकच एक कारण अद्याप सापडलेले नाही. शरीराची रोगप्रतिकारशक्ती, आतड्यांतील सूक्ष्म जंतू, आनुवंशिक प्रवृत्ती आणि राहणीतील काही गोष्टी यांच्या मिश्रणातून तो उद्भवतो, असे तज्ज्ञ मानतात. तिखट खाल्ल्याने किंवा बाहेरचे चार पदार्थ खाल्ल्याने तो जडला, असे म्हणून रुग्णाला दोष देणे सर्वस्वी अन्यायाचे आहे. आम्ही तोही अन्याय केला.

आपल्या देशात या आजाराच्या निदानात एक मोठी अडचण येते. आतड्याचा क्षय आणि क्रोन यांची लक्षणे, दुर्बिणीतून दिसणारी चित्रे, किंबहुना आतड्याच्या तुकड्याची तपासणी, हे सर्व इतके सारखे असू शकते की अनुभवी डॉक्टरांनाही दोहोंत भेद करणे कठीण जाते. आपल्याकडे क्षय पुष्कळ, म्हणून अनेकदा प्रथम क्षयाचे औषध देऊन परिणाम पाहावा लागतो. माझ्या मुलाच्या बाबतीत असेच झाले. २०१३ साली, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, त्याचे पोट दुखू लागले. आमच्या आईच्या वेळी लांबलेल्या कोणत्याही जुलाबाला ‘संग्रहणी’ म्हणत. आम्हीही तेच म्हणून काही महिने काढले. नंतर तपासण्या झाल्या, क्षयाची औषधे झाली, गुण आला नाही. २०१४ साली मुंबईला पुन्हा दुर्बिणीने तपासणी झाल्यावर क्रोनचे निदान झाले. आरंभी स्टेरॉइड आणि पुढे रोगप्रतिकारशक्तीचा अतिरेक आवरणाऱ्या गोळ्या सुरू झाल्या. वर्षभरात मुलगा हिंडू-फिरू लागला, कॉलेजात जाऊ लागला.

आता माझ्या चुकीकडे येतो.

मुलगा बरा दिसू लागला, तशी त्या गोळ्यांची मला भीती वाटू लागली. ‘आयुष्यभर औषध’ हे शब्द बापाच्या कानांना सहन होत नाहीत. त्याच सुमारास एका ओळखीच्या गृहस्थांनी आहारोपचाराची माहिती दिली. शिजविलेले अन्न वर्ज्य, धान्य वर्ज्य. फळांचे रस, कच्च्या भाज्यांची कोशिंबीर आणि मोड आलेली कडधान्ये एवढाच आहार, आणि औषधे बंद. त्या गृहस्थांचा हेतू वाईट नव्हता. निर्णय माझा होता. मुलगा ‘डॉक्टरांना विचारू या’ म्हणत होता, पत्नी ‘मऊ भात तरी द्या’ म्हणत होती. मी दोघांनाही गप्प केले. चाळीस मुलांचा वर्ग गप्प करणाऱ्या माणसाला घरातील दोघांना गप्प करणे कठीण नसते.

हे २०१६ सालचे. प्रथम दोन-तीन आठवडे त्याला हलके वाटले, आणि मी चार लोकांत फुशारकीही मारली. नंतर वजन उतरू लागले. बावन्न किलोंचा मुलगा एक्केचाळीसवर आला. एका रात्री पोट फुगून दगडासारखे झाले, हिरव्या उलट्या सुरू झाल्या. दाहाने आधीच अरुंद झालेल्या आतड्यात कच्च्या भाज्यांचा चोथा अडकला होता. पहाटे त्याला शहरातील रुग्णालयात नेले, शस्त्रक्रिया करावी लागली आणि सुमारे एक फूट आतडे काढून टाकावे लागले. शल्यविशारदांनी मला रागावून काही म्हटले नाही. त्यांनी फक्त विचारले, ‘औषधे कोणी बंद केली?’ आयुष्यात इतरांना हजारो प्रश्न विचारणाऱ्या मला त्या एका प्रश्नाचे उत्तर देताना मान वर करता आली नाही.

मित्रहो, यावरून पथ्य निरर्थक आहे असे आपण समजू नये. पथ्याचे महत्त्व मोठे आहे. परंतु आहार हा औषधाचा जोडीदार आहे, त्याच्या जागी बसणारा नव्हे. कोणत्या रुग्णाला, कोणत्या वेळी, कोणता आहार, हे ठरविण्यास जाणता मनुष्य पाहिजे. यात अपवाद वाटावा अशी एक गोष्ट आहे, ती आधी सांगतो, म्हणजे गैरसमज होणार नाही.

लहान मुलांच्या क्रोनमध्ये सहा ते आठ आठवडे इतर सर्व अन्न बंद ठेवून केवळ पूर्ण पोषण देणारे, शास्त्रोक्त रीतीने तयार केलेले द्रवान्न देतात. त्याने दाह शमविण्याचे काम स्टेरॉइडइतकेच चांगले होते, आणि मुलाची वाढही होते. म्हणून पुष्कळ देशांत मुलांसाठी हा पहिल्या पसंतीचा उपाय मानला जातो. प्रौढांना इतके दिवस केवळ द्रवावर राहणे जड जाते. इस्रायलमधील डॉक्टर आर्ये लेव्हिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याला एक पर्याय तपासला. निम्मे द्रवान्न आणि निम्मे ठरावीक साधे अन्न, ज्यात गहू, दूध, कारखान्यात प्रक्रिया केलेले पदार्थ इत्यादी वर्ज्य असतात. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात सौम्य व मध्यम आजाराच्या मुलांना हा आहार अधिक झेपला आणि बारा आठवड्यांपर्यंत त्याचा गुणही अधिक टिकला. परंतु हे द्रवान्न म्हणजे घरी काढलेला फळांचा रस नव्हे, हे माझ्यासारख्या बापांनी लक्षात ठेवावे. रसात साखर आणि पाणी. प्रथिने व स्निग्धांश जवळजवळ नाहीतच. त्यावर मूल जगवता येत नाही. आणि हा उपायही डॉक्टर व आहारतज्ज्ञ यांच्या देखरेखीखालीच करावयाचा असतो.

दुसरा एक अभ्यास अमेरिकेतील. धान्य, बटाटा, साखर आणि बहुतेक दूध वर्ज्य करणारा एक कडक आहार तेथे फार प्रसिद्ध आहे. त्याची तुलना भूमध्य समुद्राकाठच्या लोकांच्या साध्या आहाराशी केली गेली. म्हणजे भाज्या, फळे, डाळी, धान्य, मासे, ऑलिव्हचे तेल आणि तांबडे मांस कमी. १९४ प्रौढ रुग्णांच्या या अभ्यासाचे फलित २०२१ साली प्रसिद्ध झाले. सहा आठवड्यांनी दोन्ही गटांत निम्म्याहून थोड्या कमी रुग्णांची लक्षणे शमली. कडक आहाराचा काही विशेष अधिक लाभ दिसला नाही. पथ्य जितके कडक तितके गुणकारी, ही आपली समजूत येथे टिकत नाही.

आता प्रत्यक्ष घरच्या स्वयंपाकाविषयी. आहारतज्ज्ञ बाईंनी आम्हांस प्रथम हे शिकविले की, या आजाराला एक पथ्य नाही, निदान तीन पथ्ये आहेत.

पहिले, आजार उसळलेला असतानाचे. जुलाब, कळा, ताप चालू असता आतड्याला विश्रांती द्यावी, पण शरीराला उपाशी ठेवू नये. थोडे थोडे, दिवसातून पाच-सहा वेळा. आपल्या कोकणातील जुनी आजारपणाची खाणी येथे उपयोगी पडतात. तांदळाची पेज, मूगडाळीची आटवल, मऊ भात, गाळलेले वरण, दुधीभोपळ्याची किंवा लाल भोपळ्याची साल-बिया काढून शिजविलेली भाजी, पिकलेले केळे, साल काढून वाफविलेले सफरचंद. जे सामिष खातात त्यांनी उकडलेले अंडे, किंवा हळद, मीठ आणि कोकम घालून मऊ शिजविलेले ताजे मासे, काटे नीट काढून. तळलेले आणि अति तेलकट टाळावे. जुलाबाने पाणी व क्षार जातात, म्हणून जीवनजल हाताशी असावे. घरी करावयाचे तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचे शिगोशीग भरू नयेत.

दुसरे, आतडे अरुंद झाले असेल तेव्हाचे. ते अरुंद आहे की नाही, हे तपासणीवरूनच कळते. असेल तर चोथ्याचे पदार्थ धोक्याचे. मक्याचे कणीस, चघळलेली शेवग्याची शेंग, फणसाचे गरे, संत्र्याचे पापुद्रे, पेरूच्या बिया, सुके खोबरे, शेंगदाणे, सालीसकट कडधान्ये, कच्ची कोशिंबीर, हे सर्व निरोगी माणसाला उत्तम, परंतु या रुग्णाच्या पोटात बूच बसविणारे. शिजवून, सोलून, गाळून, सावकाश चावून खावे. आंब्याच्या दिवसांत आमच्या घरी मुलाच्या वाटीतला रस गाळून घेत असू.

तिसरे, आजार शांत असतानाचे. हे पथ्य आपले लोक विसरतात. आजार शांत झाला आणि आतडे अरुंद नसेल, तर आहार हळूहळू वाढवीत न्यावयाचा असतो. भाज्या, फळे, डाळी, भाकरी, पोळी, एकेक करून. शस्त्रक्रियेनंतर माझा मुलगा वर्षभर मऊ भात सोडून काही खाण्यास धजत नव्हता, आणि मीही त्याला भीत भीत तेच वाढीत होतो. आधी मी कच्च्या भाज्यांचा अतिरेक केला, नंतर भाताचा. आहारतज्ज्ञ बाई म्हणाल्या, ‘गुरुजी, आजाराने त्याचे जितके कमी केले नाही, तितके तुमच्या भीतीने करू नका.’

पोषणाचा हिशेब मी शिक्षक असल्यामुळे मला चटकन समजला. आजार उसळलेला असता प्रौढ रुग्णाला दर किलो वजनामागे दिवसाला १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिने लागतात, असे युरोपातील पोषणतज्ज्ञांच्या संस्थेचे मार्गदर्शन आहे. म्हणजे पन्नास किलोंच्या माणसाला साठ ते पंचाहत्तर ग्रॅम. एका अंड्यात सुमारे सहा ग्रॅम, पेलाभर दुधात साधारण तितकीच, शंभर ग्रॅम माशांत अठरा-वीस. फळांच्या रसावर ही बेरीज कधीच जुळत नाही, हे तिसरीतील मूलही सांगेल. मला ते त्या वेळी दिसले नाही.

याशिवाय लोह, ‘ड’ जीवनसत्त्व, कॅल्शियम आणि ‘ब-१२’ यांची उणीव या रुग्णांत वारंवार आढळते. ‘ब-१२’ शरीरात घेण्याचे काम लहान आतड्याचा शेवटचा भागच करतो. तो भाग बिघडला किंवा काढला, तर नुसत्या आहाराने ते पुरेसे मिळत नाही. माझ्या मुलाला म्हणून दर महिन्यास त्याचे इंजेक्शन घ्यावे लागते. रक्ततपासणी करून जे कमी असेल ते डॉक्टरांच्या सल्ल्याने भरून काढावे. दुकानातून शक्तीची बाटली आणून नव्हे.

आता वहीविषयी सांगतो, कारण त्या एका गोष्टीत माझ्या व्यवसायाचा उपयोग झाला. आहारतज्ज्ञ बाईंच्या सांगण्यावरून मी हजेरीपटासारखी एक वही आखली. दिनांक, काय खाल्ले, किती वेळा शौचास जावे लागले, पोट दुखले की नाही, आणि आठवड्याचे वजन, असे रकाने. मुलगा लिहीत असे, मी रविवारी पाहत असे. चार महिन्यांत त्या वहीने माझ्या कित्येक समजुती खोट्या ठरविल्या. गव्हाची पोळी आम्ही दोन वर्षे बंद ठेवली होती. ती त्याला खुशाल पचत होती. दूध शक्तीचे म्हणून मी रोज आग्रहाने देत होतो. तेच त्याला सोसत नव्हते. दही आणि ताक मात्र चालत होते. दुसऱ्या रुग्णाची वही वेगळे सांगेल. म्हणून माझ्या मुलाचे पथ्य आपल्यापैकी कोणी उचलून नेऊ नये. वही तेवढी उचलावी.

आणखी तीन लहान गोष्टी. उपवास. एकादशीला साबुदाण्याची खिचडी, शेंगदाण्याचे कूट, तळलेले बटाटे. रुग्णाला याहून वाईट दिवस नाही. आजाऱ्याने उपवास केला नाही म्हणून विठोबा रागावत नाही. दुसरी, विडी-सिगारेट. धूम्रपानाने हा आजार बळावतो, पुन्हा पुन्हा उसळतो आणि शस्त्रक्रियेची वेळ अधिक येते. हे निश्चित झालेले आहे. अन्नातील शंभर पथ्ये पाळून विडी चालू ठेवणे व्यर्थ होय. तिसरी, अंग दुखले की घेतल्या जाणाऱ्या वेदनाशामक गोळ्या. त्यांपैकी काहींनी आजार उसळू शकतो. डॉक्टरांना विचारल्यावाचून त्या घेऊ नयेत. शिवाय प्रतिकारशक्ती आवरणारी औषधे चालू असता शिळे, उघड्यावरचे अन्न आणि न उकळलेले पाणी यांपासून जपावे.

आता आपल्या ज्ञातीविषयी, म्हणजे आपणा सर्वांविषयी, दोन शब्द स्पष्ट बोलण्याची परवानगी मागतो.

आपल्या पंगतीतील आग्रह हा आपला अभिमानाचा विषय आहे. ‘एक जिलबी घेतलीच पाहिजे’, ‘आमच्याकडची म्हणून घ्या’, असे म्हणून पानात वाढणे याला आपण प्रेम म्हणतो. माझा मुलगा एका लग्नात नुसता भात-वरण घेऊन बसला होता, तेव्हा वाढणाऱ्यांनी त्याची इतकी थट्टा केली की तो अर्ध्या पानावरून उठला. त्यानंतर तीन वर्षे तो कोणत्याही कार्याला आला नाही. आपणांस वाटले असेल, गुरुजींचा मुलगा गर्विष्ठ आहे. तो गर्विष्ठ नव्हता. त्याला आपल्या आग्रहाची भीती वाटत होती. आणि दुसरीही एक भीती होती, ती सांगण्यास लाज वाटावी असे काही नाही. या रुग्णाला शौचास जावे लागले तर थांबता येत नाही. कार्यालयात शौचालय कोठे आहे, ते उघडे आहे की कुलूपबंद, हे आधी पाहिल्यावाचून तो जेवावयास बसू शकत नाही.

तिसरी भीती विवाहाची. त्याच्या लग्नाची गोष्ट निघाली, तेव्हा ‘आजाराचे सांगू नये’ असे मत मीच दिले. एवढ्या अनुभवानंतरही माझी अक्कल तेथवरच होती. मुलाने ऐकले नाही. त्याने प्रत्येक स्थळाला स्वतः सांगितले. दोन स्थळांनी नकार दिला. तिसऱ्या मुलीने डॉक्टरांना भेटून आपले प्रश्न विचारले आणि होकार दिला. कुटुंबात हा आजार असल्यास इतरांना होण्याचा संभव काहीसा वाढतो हे खरे, परंतु बहुसंख्य रुग्णांच्या घरात दुसऱ्या कोणाला तो नसतो. आजार शांत ठेवून असंख्य रुग्ण संसार करतात, स्त्रियांना मुले होतात. मात्र गर्भधारणेच्या आधी डॉक्टरांशी बोलून औषधांची व्यवस्था ठरवावी लागते. आज माझा मुलगा तिशी ओलांडून नोकरी करतो आहे. औषध चालू आहे. दोन वर्षांपूर्वी आजार पुन्हा एकदा उसळला होता. औषध बदलावे लागले, आता ठीक आहे. हा आजार समूळ जातो, असे मी आपणांस सांगणार नाही. परंतु तो सांभाळून माणूस चांगले जगतो, हे मी रोज पाहतो.

अंधारातून माझ्या घरी आलेल्या त्या गृहस्थांना मी दुसऱ्या दिवशी मुलीसह तिच्या डॉक्टरांकडे घेऊन गेलो. तिचे पुढील वृत्त सांगण्याचा अधिकार मला नाही. एवढेच सांगतो की रस बंद झाला आहे आणि ती जेवते आहे.

मंडळाच्या कार्यकारिणीपुढे माझ्या दोन सूचना आहेत. पहिली, आपल्या संमेलनाच्या आणि मंडळाने घडवून आणलेल्या सामुदायिक कार्यांच्या जेवणात एक पातेले मऊ भाताचे आणि एक साध्या वरणाचे असावे. ज्याला हवे त्याने घ्यावे आणि कोणी कारण विचारू नये. मधुमेही, वृद्ध आणि लहान मुले यांनाही त्याचा उपयोग होईल. खर्च फार नाही. माझ्या हयातीत तांदळाचा खर्च मी देईन. दुसरी, ज्यांच्या घरी असा दीर्घ आजार आहे, त्यांनी तो लपवू नये. माझे घर दिवसाही उघडे असते. कोणाला माझी वही पाहावयाची असेल, आखणी कशी केली ते समजून घ्यावयाचे असेल, तर अवश्य यावे. औषधाविषयी विचाराल तर मी एकच उत्तर देईन. डॉक्टरांना विचारा, आणि त्यांना विचारल्यावाचून एकही गोळी बंद करू नका.

 जेवणाची वेळ झाली आहे. माझा मुलगा आज पंगतीला आला आहे. त्याच्या पानात काय आहे याकडे कृपया कोणी पाहू नये, आणि त्याच्याशी बोलावयाचे असेल तर क्रिकेटविषयी बोलावे. त्यात त्याला माझ्याहून पुष्कळ अधिक कळते.

नमस्कार.